फिक्या चहाचा रंग येईपर्यंत

प्रयोगशाळेच्या भिंतीवर दोन पाट्या होत्या आणि दोन्हींवर मोठ्या साहेबांची लफ्फेदार सही होती. पहिली: ‘येथे चहा व खाद्यपदार्थ आणण्यास सक्त मनाई आहे.’ दुसरी: ‘समुद्राच्या नमुन्यात आयोडीनचे थेंब, पाण्याला फिक्या चहाचा रंग येईपर्यंत टाकावेत.’ झाला तो सगळा घोळ या दोन पाट्यांमुळे झाला. आता पाट्यांनी कुणाचं काय घोडं मारलंय, असं तुम्ही म्हणाल. ऐका तर.

त्या प्रयोगशाळेत एक बाई समुद्र मोजायची. म्हणजे समुद्रातलं शेवाळ. खडकावरून पाय घसरवतं ते नव्हे. हे डोळ्यांना न दिसणारं, एकेका पेशीचं, पाण्यात तरंगत राहणारं. दर सोमवारी सकाळी खाडीतून बाटलीभर पाणी यायचं. ती त्यात आयोडीन टाकायची, म्हणजे आतले जीव होते तसे थिजतात आणि जड होऊन खाली बसतात. मग त्यातलं थोडं पाणी काचेच्या चपट्या डबीत ओतायचं, तीन-चार तास हात लावायचा नाही, आणि मग मायक्रोस्कोपला डोळा लावून डबीचा तळ या कडेपासून त्या कडेपर्यंत पालथा घालायचा. डाव्या हातात तिची बटण दाबून मोजायची टिकटिकी असायची. एक पेशी दिसली की एक टिक. ऑफिसात सगळे तिला मोजणीबाई म्हणायचे. घरी ती ठकू होती.

वर्षानुवर्षं बघून बघून ते शेवाळ तिला शेजारपाजारासारखं झालं होतं. एक जात तीन शिंगांची. तिला ती नांगरभाऊ म्हणायची. दिसायला दांडगट, पण कुणाच्या अध्यात ना मध्यात. दुसरी मानेभोवती झालर लावून मिरवणारी, त्या झालरवाल्या काकू. काकू जास्त झाल्या की लोकांची पोटं बिघडायची. तिसरे सुईराव, एकाच्या टोकाला दुसऱ्याचं टोक चिकटवून कायम रांगेत उभे. आणि चौथी मण्यांची माळ. गोल गोल पेशी एकीला एक जोडलेल्या, बघत राहावं अशा देखण्या. सगळ्यात जहाल विष नेमकं हिच्याच पोटात.

प्रत्येकाचा हंगाम ठरलेला. भिंतीवर बारा महिन्यांचा तक्ता होता आणि त्यावर तिने रंगीत गोल काढले होते: थंडीत बारीक ठिपके, मग मोठे, मग बशीएवढे. माळेचा गोल नेहमी एकाच वेळी फुगायचा. वारा पडला, ऊन तापलं, पाणी वरच्या वर कोमट झालं की आज दोन, उद्या चार, परवा आठ. पाणी प्यायल्याने त्याचं काही होत नाही हो. पण शिंपल्या रात्रंदिवस खाडी गाळत बसतात आणि ते विष पोटात साठवतात. शिंपली मजेत असते. ती खाणाऱ्याचे आधी ओठ बधिर होतात, मग जीभ, मग हातपाय, मग श्वास. म्हणून सोमवारचा आकडा हद्दीबाहेर गेला की खाडीवर बंदी लागायची.

आणि त्याच खाडीत तिच्या मामाच्या शिंपल्या होत्या. पाण्यात सोडलेल्या दोरांवर तो त्या वाढवायचा. आईबाप लहानपणीच गेले, तिला वाढवलं मामा-मामीने. मोजायला शिकवलं तेही मामानेच. दोरांना बांधलेले तरंगते बोये ती होडीत बसून मोजायची. “किती?” “बत्तीस.” “तेहेतीस आहेत. परत मोज.” पोर रडकुंडीला यायची, पण मामा हटायचा नाही. एक बोया सुटला की एक दोर तळाला जातो, म्हणायचा.

यंदा मामाच्या शिंपल्या कधी नव्हे इतक्या भरल्या होत्या आणि शुक्रवारी त्या न्यायला व्यापाऱ्याचा ट्रक येणार होता. मामा आठवडाभर शीळ घालत फिरत होता. ठकूला मात्र भिंतीवरचा तक्ता दिसत होता. वारा चार दिवसांपासून पडला होता.

आता मोठ्या साहेबांकडे वळू. साहेब वर्षभरात निवृत्त होणार होते. बत्तीस वर्षं त्यांनी शेवाळात घातली आणि मनात एकच इच्छा धरली: शेवाळाची एक तरी नवी जात आपण शोधावी आणि तिला आपलं नाव लागावं. त्यांच्या हाताखालच्या दोघांची नावं लागली होती. एकाने तर सुट्टीत पोहायला गेला असताना जात शोधली. साहेबांना ते आठवलं की त्यांच्या नाकाला मिरच्या झोंबायच्या.

साहेबांना दुसरा एक नाद होता, चहाचा. पण पाटी त्यांनीच लावलेली. कप घेऊन प्रयोगशाळेत आले असते तर लोक तोंडावर काही बोलले नसते, पण मागे हसले असते, आणि साहेबांना पाठीमागचं हसणं फार ऐकू यायचं. म्हणून ते कँटीनमधून बिनदुधाचा, फिका चहा नमुन्याच्या बाटलीत भरून आणायचे. हातात बाटली घेऊन साहेब गंभीर चेहऱ्याने फिरताहेत म्हणजे संशोधन चाललंय, असंच सगळ्यांना वाटायचं. डॉक्टरांनी साखर बंद केल्यापासून त्यांना कुठलाही चहा औषधासारखाच लागायचा, आणि कामाच्या नादात तो गार व्हायचा तो वेगळाच.

त्या सोमवारी ठकूने खाडीच्या बाटलीत आयोडीन टाकलं. फिक्या चहाचा रंग आला. बाटली ओली होती. ओल्या बाटलीवर लेबलाची शाई पसरते, म्हणून ती पुसायला तिने फडका शोधायला पाठ वळवली. तेवढ्यात साहेब आले. हातातली बाटली टेबलावर ठेवली, नोंदवहीत सही ठोकली, तक्त्याकडे बघून “हं, हंगाम आला” म्हणाले, बाटली उचलली आणि गेले. ठकूने उरलेली बाटली पुसली आणि तिच्यावर नीट अक्षरात लिहिलं: ‘सोमवार, खाडी.’

वास कसा नाही आला, म्हणाल तर त्या खोलीत आयोडीनचा वास असा भरलेला असायचा की तिथे माणसाला डोक्यावरचं तेलही आयोडीनच वाटावं.

दुपारी तीन वाजता तिने मायक्रोस्कोपला डोळा लावला आणि काढला. भिंग पुसलं. परत लावला. खाली ओळखीचं कुणीच नव्हतं. नांगरभाऊ नाहीत, काकू नाहीत, सुईरावांची रांग नाही. नुसते तांबूस तुकडे. काही चौकोनी, काही फाटक्या कडांचे, आणि काहींना चक्क लांब पांढुरके केस.

“साहेब, जरा येता का?”

साहेब आले, वाकले, आणि पाच मिनिटं वाकलेलेच राहिले. मग आवाज आला, “बाई, खुर्ची द्या.”

खुर्चीत बसून त्यांनी आणखी पंधरा मिनिटं बघितलं. वर मान केली तेव्हा डोळ्यांत पाणी होतं. “केसाळ,” ते म्हणाले. “बाई, केसाळ आहे हो! अशी जात आजवर कुणी बघितली नाही.”

“पण बाकीचे सगळे कुठे गेले? तीन शिंगांचा एकसुद्धा नाही.”

“हिने हुसकावलं.”

“एका आठवड्यात? सगळ्यांना?”

“आक्रमक दिसते,” साहेब कौतुकाने म्हणाले. पोराने शेजाऱ्याच्या पोराला बदडलं की बापाचा चेहरा होतो ना, तसा त्यांचा झाला होता. “मोजा, बाई, मोजा!”

ठकूने मोजलं. टिकटिक करून तिचा अंगठा दुखायला लागला. लिटरमागे एकेचाळीस हजार. विषारी की बिनविषारी कुणाला ठाऊक, पण अनोळखी जात आणि एवढा आकडा म्हटल्यावर नियम सरळ होता. संध्याकाळी पाचला धक्क्यावर कागद लागला: अनोळखी, केसाळ सूक्ष्म शेवाळाचा प्रादुर्भाव, पुढील सूचनेपर्यंत खाडीतील शिंपल्या काढण्यास बंदी. खाली साहेबांची सही होती आणि आकड्याशेजारी मोजणाऱ्याची, म्हणजे ठकूची.

त्या रात्री जेवताना मामा ठकूच्या समोर बसला होता, पण ती तिथे नाहीच अशा थाटात.

“सांग तुझ्या भाचीला,” तो मामीला म्हणाला, “पाणी इकडे सरकव म्हणावं.”

“अगं, पाणी सरकव म्हणतोय,” मामी म्हणाली.

“मामा, माझ्या हातात काय होतं? आकडाच तसा आला.”

“सांग तिला, चाळीस वर्षं मी त्या खाडीत आहे. केसाळ काही बघितलं नाही म्हणावं.”

“केसाळ काही बघितलं नाही म्हणतोय,” मामी म्हणाली आणि भात वाढला. “आणि हे बघा, मी मधली चिठ्ठी नाही. माझं जेवण गार होतंय.”

मंगळवार तसाच गेला, बुधवार तसाच गेला. मामाचं रागावणं ठकूला नवीन नव्हतं. पण तो रागावला की ओरडायचा, आणि ओरडून झालं की तिला आवडतं म्हणून कणसं भाजून द्यायचा. न बोलणं हे नवीन होतं. बुधवारी सकाळी त्याने दारातल्या सगळ्यांच्या चपला सरळ लावल्या, फक्त तिच्या तेवढ्या तशाच ठेवल्या. ती त्या चपलांकडे बघून रडली. तिशी उलटलेली बाई, पदवी घेतलेली, चपलांवरून रडली.

इकडे साहेब हवेत होते. केसाळ तुकड्याचा मोठा फोटो काढून त्यांनी तो फ्रेम करायला टाकला. शास्त्रीय वर्णन लिहायला घेतलं: ‘आकार अनियमित, कडा फाटक्या, वर्ण तांबूस, स्वभाव एकाकी, क्वचित काडीसारखा.’ नावात शेवटी स्वतःचं आडनाव लॅटिन पद्धतीने वाकवून लावलं आणि ते मोठ्याने वाचून बघितलं. दार लावून तीनदा.

गुरुवारी सकाळी ठकू कँटीनमध्ये गेली, तर कँटीनवाला कपाळाला हात लावून बसला होता.

“काय झालं हो दादा?”

“काय व्हायचं? अठरा वर्षं चहा करतोय मी. आता हे बघा, साहेबांनी मला मेमो दिलाय. लेखी!” त्याने एक कागद पुढे केला. “मी काय यांचं मीठ खाल्लंय म्हणून चहात मीठ घालू? आणि बिस्किट तर बंद पुड्यातलं!”

ठकूने कागद वाचला. ‘सोमवार, सकाळी ११. आपल्याकडील चहा अत्यंत खारट होता. सबब दोन घोट घेऊन उरलेला मोरीत ओतावा लागला. तसेच बिस्किट चहात बुडवताच ते निळेकाळे पडले. याबाबत खुलासा करावा.’

तिने परत वाचला. खारट. निळंकाळं. शाळेतल्या सहावी-सातवीच्या पोरालाही ठाऊक असतं, पिठावर आयोडीन पडलं की पीठ निळंकाळं होतं.

“अगं बाई गं!” ठकू इतक्या जोरात ओरडली की कँटीनवाल्याच्या हातून झाकण पडलं.

ती धावत वर गेली. ‘सोमवार, खाडी’ची बाटली काढली, खिडकीबाहेर हात धरून तिचं टोपण उघडलं आणि मोकळ्या हवेत हुंगलं. चहा. चार दिवसांचा शिळा, पण चहा. काखेत कळसा आणि गावाला वळसा!

साहेबांच्या खोलीत ती दोन पेले आणि दोन बिस्किटं घेऊन गेली. एका पेल्यात शिळा चहा, दुसऱ्यात पाण्यात घातलेलं आयोडीन. रंग अगदी सख्ख्या बहिणींसारखा. तिने एक बिस्किट इकडे बुडवलं, एक तिकडे. इकडचं ओलं झालं. तिकडचं निळंकाळं पडलं.

साहेबांनी त्या बिस्किटाकडे बघितलं. मग हळूच विचारलं, “आणि केस?”

“चहाच्या कोवळ्या पानावर लव असते, साहेब.”

“अच्छा.” त्यांनी चष्मा काढला. “म्हणजे मी सोमवारी…”

“दोन घोट समुद्र प्यायलात.”

“नमुना.”

“हो. त्या आठवड्याचा सगळा नमुना. थोडा तुम्ही, बाकी मोरीने.”

ठकूला आधी हसू येत होतं, अगदी ओठांपर्यंत आलं होतं. पण साहेबांनी टेबलावरचं ते ‘स्वभाव एकाकी, क्वचित काडीसारखा’ लिहिलेलं पान उचललं, नीट दुमडलं, खिशात ठेवलं, आणि तिचं हसू गेलं. तिला त्यांची फार दया आली. बत्तीस वर्षं वाट बघून माणसाला सापडावं काय, तर कँटीनचा चहा.

“बाई,” ते म्हणाले, “पाटी माझीच होती. चूक माझीच आहे आणि कागदावरही तसंच लिहायचं. तुमचं नाव मध्ये येता कामा नये.” आणि त्यांनी खरंच तसं लिहिलं: नवीन जात आढळलेली नाही, आढळला तो चहा, जबाबदार खालील सही करणार. त्या सहीला लफ्फा नव्हता. “पण बंदी उठवायची नाही. नव्या पाण्यात काय आहे ते बघेपर्यंत नाही. ताजा नमुना आणा.”

हा शेवटचा भाग मात्र कुणी ऐकलाच नाही. कँटीनवाल्याने अर्ध्या तासात सगळ्या किनाऱ्याला सांगितलं की खाडीत चहा निघाला. ठकू धक्क्यावर पोचली तेव्हा लोक तिला बघून “बाई, साखर टाकू का समुद्रात?” म्हणून विचारत होते. प्रयोगशाळेची होडी नेमकी दुरुस्तीला गेलेली. धक्क्यावर होडी एकट्या मामाची उभी होती.

“मामा, खाडीच्या मध्यापर्यंत नेतोस? पाणी भरायचंय.”

मामी तिथे नव्हती. मग मामा कुणातर्फे बोलणार? त्याने इकडेतिकडे बघितलं आणि होडीतल्या बादलीला म्हणाला, “सांग तिला, बस म्हणावं.”

समुद्र तेलासारखा गुळगुळीत होता. वाऱ्याचा पत्ता नाही. ठकूने बाटली भरली, ओली असतानाच तिच्यावर आधी लेबल चिकटवलं, शाई पसरली तर पसरली. मामाने तोवर दोर ओढून टोपलीभर शिंपल्या होडीत घेतल्या.

“मामा, आज नको. अजून उघडलेलं नाही.”

“हिला म्हणावं,” मामा बादलीला म्हणाला, “चहाला कोण घाबरतं? घरी खायला घेतोय, विकायला नाही.”

“एक दिवस थांब ना रे!”

मामाने टोपलीवर ओलं फडकं टाकलं आणि होडी धक्क्याकडे वळवली.

बाराला आयोडीन, चारला डबी. मधले चार तास ठकूने नखं खाल्ली. चार वाजता तिने डोळा लावला. माळा होत्या. सोमवारी साहेबांच्या घशाखाली गेल्या त्याच, चार दिवसांत वाढून पसरलेल्या. एक टिक, दोन टिक, दहा, पन्नास. अर्धी डबीही झाली नव्हती तेव्हाच आकडा हद्द ओलांडून पार पुढे गेला. मध्ये क्षणभर तिचा अंगठा थांबला. खोटं कशाला सांगू, तिच्या मनात आलं की आणखी न मोजता उठावं. चहावरून चार दिवस अबोला धरणारा माणूस यावरून काय करेल? परत जाऊन बंदीच सांगायची? कोणत्या तोंडाने? पण टोपली तिला आठवली आणि ती ताडकन उठली.

घरी फोन लावला. एंगेज. मामी बहिणीशी बोलत असणार. मामी आणि तिची बहीण एकदा फोनवर बसल्या की जगबुडी आली तरी त्यांना कळायचं नाही. ठकू निघाली ती पळतच. अंगात पांढरा कोट, हातात टिकटिकी, आणि प्रत्येक पावलाला अंगठा आपोआप दाबला जात होता. रस्त्यातले लोक म्हणाले, बाई आता पावलं मोजायला लागली.

स्वयंपाकघरात वाफ भरली होती. मामी कानाला फोन लावून कांदा चिरत होती. टेबलावर पातेलं, आणि मामाने पहिली शिंपली उघडून ओठांपर्यंत नेलेली.

ठकूने ती हातावर फटका मारून उडवली. शिंपली गेली ती थेट खिडकीच्या पडद्यावर. मग तिने पातेलं उचललं आणि सगळंच्या सगळं कचऱ्याच्या डब्यात उलटं केलं.

“अगं सटवे!” मामी किंचाळली. फोनमध्ये बहीण विचारत राहिली, काय झालं, कोण गेलं?

“खाल्ली का? मामा, एक तरी खाल्लीस का? ओठ बधिर वाटतात का?”

“सांग तिला,” मामा मामीला म्हणाला, “आधी चहा मोजते, आणि आता घरचं जेवण…”

“चांगल्या खळखळून उकळल्या होत्या गं,” मामी म्हणाली.

“उकळून जात नाही ते विष. पातेल्यात काही होत नाही त्याला.” आणि मग ठकूचा बांध फुटला. “चहा माझ्या हातून मोजला गेला, कबूल! चार दिवस बोलला नाहीस, तेही सोसलं. बोलू नकोस, वर्षभर बोलू नकोस. पण जिवंत राहा आणि बोलू नकोस!”

मामीने फोन ठेवला. ठकूने मामाचा हात धरला, लहानपणी तो तिचा धरायचा तसा, घट्ट, आणि त्याला ओढत प्रयोगशाळेत नेलं. साहेब दारातच उभे होते. ते बाजूला झाले.

“बघ,” ती म्हणाली. “एक डोळा मिट.”

मामा वाकला. दोन्ही डोळे मिटले, मग दोन्ही उघडले, मग कसंबसं जमवलं.

“हे तर बोये,” तो शेवटी म्हणाला. “दोराला बांधलेले.”

“तेच विष.”

“एवढं एवढंसं?” तो बघत राहिला. त्याचे ओठ हलायला लागले, बोट टेबलावर आपटायला लागलं. एक, दोन, तीन. तो मोजत होता. “इथे समोर माळा किती मोजल्यास तू?”

“एकोणीस.”

मामाने मायक्रोस्कोपवरून डोळा काढला आणि चार दिवसांनी पहिल्यांदा सरळ तिच्याकडे बघितलं. मध्ये मामी नाही, बादली नाही.

“वीस आहेत, ठकू. कडेला एक सुटली तुझी.”

तिने वाकून बघितलं. होती. डबीच्या अगदी काठाला चिकटलेली, आठ मण्यांची. ठकूने टिकटिकी आठदा दाबली आणि नाक पुसलं.

शुक्रवारी ट्रक आला आणि रिकामा गेला. मामा धक्क्यावर उभा राहून स्वतः लोकांना सांगत होता की खाडीत बोये आहेत, मी बघितलेत, आणि कुणी हसलं तर त्याला हाताला धरून प्रयोगशाळेत आणत होता. साहेबांना शेवटी नवीन पाटी लावावी लागली: ‘एका वेळी दोनच पाहुणे.’ पहिली पाटी त्यांनी उतरवली नाही, पण आता ते कपातून चहा पितात, कँटीनमध्ये बसून. तो केसाळ फोटो फ्रेम होऊन आला तेव्हा परत कुठे करणार, म्हणून तो कँटीनवाल्याने आपल्या स्टोव्हच्या वर भिंतीला टांगला. खाली साहेबांनी सही करून दिली. लफ्फ्यासकट.

बंदी पाच आठवडे चालली. दर सोमवारी मामाच ठकूला होडीतून न्यायचा. मग वारा सुटला, पाणी गार झालं, माळा कमी कमी होत गेल्या. शिंपल्या स्वच्छ पाणी गाळून गाळून आपलं विष आपणच धुतात. त्यांची वेगळी तपासणीही नीट आली. व्यापारी म्हणाला, उघडलं की उद्याच ट्रक पाठवतो. आणि सहाव्या सोमवारी ठकूने सगळी डबी या कडेपासून त्या कडेपर्यंत बघितली आणि माळेसाठी टिकटिकी एकदाही वाजली नाही.

मामा शेजारी स्टुलावर बसला होता. पाच आठवडे त्याने याचीच वाट बघितली होती.

“शून्य,” ठकू म्हणाली. “मामा, शून्य! उघडली खाडी!”

मामा जागचा हलला नाही.

“परत मोज,” तो म्हणाला.